क्रम आणि करुणा

बंगळूरच्या मारतहळ्ळीसारख्या बहुभाषिक उपनगरात दवाखान्याच्या दाराशी बसलेली स्वागतिका नंबर देते, तेव्हा ती एका अर्थी न्यायच देत असते. आधी येणारा आधी, हा नियम माणसांना समान लेखतो. वेदना मात्र समान नसतात. नेपोलियनचा शल्यविशारद लारे याने जखमींचा क्रम हुद्द्यावरून नव्हे, जखमेच्या गांभीर्यावरून लावला. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीच्या उपचाराचे दायित्व डॉक्टरांवर ठेवले. परंतु रुग्ण प्रथम दिसतो तो स्वागतिकेला. कन्नड न येणारा मजूर छाती धरून मुकाट मागे बसतो. त्याला ती पुढे सोडते, तेव्हा इतरांचा वेळ खर्ची घालते. म्हणून त्यांना तिने तातडी सांगावी, रोग सांगू नये. करुणेलाही हिशेब द्यावा लागतो.