बाबांच्या संगणकाचा मालक

"स्कॅनर नाही म्हणतंय," बाबा फोनवर म्हणाले. "समोर टेबलावर आहे, दिवा लागलाय, आणि हे म्हणतंय नाही."

बाबा साताऱ्याला असतात, मी पुण्यात. त्यांच्या जुन्या संगणकावर दोन वर्षांपूर्वी मी लिनक्स घालून दिलं. त्यांचं खातं साधं. सगळ्या किल्ल्या ज्याच्या हाती असतात त्या 'रूट'चा पासवर्ड माझ्याकडे. चुकून काही पुसलं जाऊ नये, फोनवरून फसवून कुणी काही घालायला लावू नये, म्हणून. त्यांना विचारलं मात्र नव्हतं. हा स्कॅनर त्यांनी ओळखीतून जुनाच घेतला होता, चाळीस वर्षांच्या रोजनिश्या उतरवून ठेवायला.

मी पुण्यातून त्यांच्या संगणकात शिरलो. साध्या खात्यातून शोधलं तर स्कॅनर नाही. तीच आज्ञा रूट म्हणून दिली, तर लगेच सापडला. म्हणजे यंत्र ठीक होतं, फक्त बाबांना मज्जाव होता. लिनक्समध्ये जवळपास प्रत्येक उपकरण ही एक फाइल असते आणि ती कुणी वाचायची, कुणी लिहायची हे ठरलेलं असतं. ओळखीच्या स्कॅनरांची यादी प्रणालीकडे असते. हा त्यात नव्हता. त्यामुळे त्याची फाइल सगळ्यांना वाचता येत होती, पण लिहायचा अधिकार फक्त रूटला. आणि स्कॅनरकडून काही वाचून घ्यायचं, तर आधी त्याला तशी आज्ञा लिहावी लागते.

फाइल सर्वांना खुली करून टाकणं सोपं होतं, पण स्कॅनरची वायर काढून घातली की ती फाइल नव्याने तयार होते आणि कुलूप परत लागतं. म्हणून या स्कॅनरच्या क्रमांकाचा एक नियम लिहिला, फाइल 'स्कॅनर' गटाच्या नावावर केली आणि बाबांना त्या गटात घातलं. (गटात घालताना 'भर घाल' असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर माणूस बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो. मी एकदा स्वतःलाच असा बाहेर काढून बसलो होतो.) मग बाबांना वायर काढून घालायला आणि बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करायला सांगितलं.

"आता मी मालक झालो?"

"नाही, बाबा. तुम्ही स्कॅनर गटाचे सभासद झालात."

"म्हणजे सोसायटीसारखं. घर माझं, पण सेक्रेटरी तू."

मी हसलो. आत होतोच, तर स्कॅन नीट उमटलंय का ते पाहावं म्हणून पहिलं चित्र उघडलं. तो फोल्डर बाबांखेरीज कुणाला उघडत नाही. पण रूटला प्रणाली अडवत नाही. अक्षर स्वच्छ उमटलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. मी पान शेवटपर्यंत वाचलं. जून १९९८. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी काय विकलं, ते लिहिलं होतं. मला तेव्हा त्यांनी वेगळंच सांगितलं होतं.

मराठीत परवानगी, मुभा, अधिकार, हक्क असे वेगवेगळे शब्द आहेत. प्रणालीला एकच प्रश्न कळतो: येतं की नाही? मला येत होतं. मुभा नव्हती, हक्क तर नव्हताच.

१९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व आजही शिकवतात: प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून जास्त नकोत. हे तत्त्व मी बाबांना काटेकोर लावलं. खरं तर त्या यंत्रावर काही काम नसलेला माणूस मीच होतो, आणि सगळे अधिकार माझ्याकडे. काळजीपोटी घेतलेला ताबा परत करायची तारीख आपण ठरवत नाही. ज्याचा ताबा घेतला तो म्हातारा असेल, तर आपल्याला कुणी विचारतही नाही.

पासवर्ड दिला आणि उद्या त्यांना कुणी फसवलं तर? भीती खोटी नाही. पण शाळेची रोकड ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली, त्यांना स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रात चूक करायचाही हक्क नाही, हे मला स्वतःलाच पटवता येईना.

दिवाळीत गेलो तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. माझी आत शिरायची वाट त्यांच्यासमोरच बंद केली. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचला.

"अडलं तर बोलवीन," म्हणाले.

त्या पानाबद्दल मी अजून बोललेलो नाही.