नवस कुणी मोडायचा?

शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत प्रथमोपचाराच्या मांडवात बसलेल्या शिस्टरला धर्मशास्त्र विचारायला कुणी येत नाही. लोक येतात ते तळपायाचे फोड घेऊन, पेटके आलेल्या पोटऱ्या घेऊन, नाहीतर दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. तरीही नोकरीच्या काळात मी तिथं ज्या ज्या वेळी भांडले, त्या त्या वेळी धर्मशास्त्रावरूनच भांडले. समोरचा म्हणायचा, "कावड वर गेल्याबिगर पानी न्हाय घ्यायचं. बोललोय देवाला." आणि माझ्या हातात साखर-मिठाच्या पाण्याचा पेला. उन्हातानात देवाला निघालेल्यानं शरीर कुठवर पणाला लावावं, आणि ती हद्द ठरवायची कुणी? मांडवात याचा विचार करायला सवड नव्हती. आता निवृत्त आहे, सवडच सवड आहे.

आधी जागा सांगते, कारण ती पाहिल्याशिवाय प्रश्न कळत नाही. शिंगणापूर माण तालुक्यात. पाऊस आमच्या बाजूला येतो तो वाट चुकून. चैत्र शुद्ध अष्टमीला शंभुमहादेवाचं पार्वतीशी लग्न लागतं आणि द्वादशीला मुंगी घाटानं कावडी चढतात. सासवडच्या भुतोजी तेल्याची मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन येते. घाट म्हणतात, पण तो कडाच आहे. माणसं एकाच्या हाताला दुसरा, दुसऱ्याच्या खांद्याला तिसरा अशी साखळी करतात आणि कावड त्या हातांवरून वर सरकते. खडक दिवसभर तापलेला. पुष्कळजण कितीतरी दिवस चालत आलेले, कुणाकुणाचा आदल्या दिवशीचा एकादशीचा उपास. खांद्यावर पाणी, ओठ मात्र कोरडे. हे बघताना पहिल्या वर्षी माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो नुसत्या काळजीचा नव्हता हे कबूल करायला हवं. त्यात काहीतरी भव्य आहे. जे लोक शहरात बसून याला अडाणीपणा म्हणतात, त्यांच्याशी माझं जमत नाही.

माझे वडील चातुर्मासात गावात पुराण सांगायचे. त्यांच्याकडून ऐकलेलं मी मांडवात वापरायची, कारण ‘डिहायड्रेशन’ या शब्दानं कावडीवाल्यावर काडीचा परिणाम होत नाही. व्रतांच्या ग्रंथांत आठ गोष्टी सांगितल्या आहेत, ज्या घेतल्या तरी व्रत मोडत नाही. कंदमुळं, फळं, दूध, होमाचं हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा अशी ती यादी आहे. तिची सुरुवात होते पाण्यानं आणि शेवट औषधानं. वडील ही यादी सांगताना पहिली नि शेवटची गोष्ट बोटावर दाबून दाखवायचे. माझ्या पेल्यात तर दोन्ही एकत्र होती: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. निर्जळी व्रतं आहेत, भीमाची एकादशी ऐन ज्येष्ठात येते, हे मलाही ठाऊक आहे. पण ती घरात सावलीला बसून करायची. निर्जळी राहून कडा चढायला कुठल्या ग्रंथात सांगितलं आहे, ते मला कुणी दाखवलेलं नाही.

यावर एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं मला गप्प केलं होतं. तो म्हणाला, "शिस्टर, पारवतीनं काय सरबत पिऊन तप केलं का?" मुद्दा बिनतोड होता. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त पाचव्या सर्गात पार्वती भर उन्हाळ्यात चार बाजूंना अग्नी पेटवून मधे बसते आणि पाचव्या अग्नीकडे, म्हणजे सूर्याकडे, डोळे लावते. झाडाचं गळालेलं पानही खायचं सोडून देते. आणि शेवटी महादेव मिळतो तो तिलाच. ज्या लग्नाची हळद आमच्या डोंगरावर दरवर्षी लागते, ते लग्न उन्हातच जमलेलं आहे.

उत्तर मला उशिरा सुचलं, पण ते त्याच सर्गात होतं. महादेव बटूचं रूप घेऊन तिच्यापुढं येतो आणि विचारपूस करतो: समिधा, दर्भ मिळतात ना, स्नानापुरतं पाणी आहे ना, आणि तप आपल्या शक्तीच्या बेतानं चाललंय ना? धर्म करायचा तर त्याचं पहिलं साधन हे शरीर, असं तो तिला बजावतो. हा प्रश्न विचारणारा कोण? ज्याच्यासाठी तप चाललंय तोच. म्हणजे शिखरावर बसलेल्या देवाची या विषयातली भूमिका काय, हे आपल्याला कळलेलं आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर शरीराला पिळून केलेल्या, शास्त्रानं न सांगितलेल्या घोर तपाला सरळ आसुरी म्हटलं आहे. पण मी गीता कमी सांगायची. आसुरी म्हटलं की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस पाणी पीत नाही.

खरं तर माझं म्हणणं ग्रंथांवर उभं नाही. ते उभं आहे उन्हानं माणसाचं काय होतं ते बघितल्यावर. शरीर आतली उष्णता ३७ अंशांच्या आसपास राखतं. घाम येतो, तो उडतो, अंग निवतं. पाणी संपत आलं, वारा पडला, चढण लागली की हे काम हुकायला लागतं. आतली उष्णता ४० च्या वर गेली की बिघाड पहिल्यांदा दिसतो तो बुद्धीत. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, विनाकारण शिव्या देतो, भावाला ओळखत नाही. ‘ऊन लागलं की कातडी कोरडी पडते’ यावर फार विसंबू नका; चढणीवर कोसळलेल्यांची अंगं मी घामानं निथळताना पाहिली आहेत. खूण एकच पक्की: बोलणं बिघडलं की समजायचं.

तळपायाला चटका बसतो तो माणसाला कळतो. तो चटका सोसायचा की नाही हे त्याचं तो ठरवू शकतो, आणि सोसला तर देवाला वाहू शकतो. मी कुणाला अनवाणी चालू नकोस असं कधी म्हटलं नाही. पण उष्माघात हे जास्तीचं दुःख नव्हे. वाहणारा ज्या बुद्धीनं वाहतो ती बुद्धीच तो आधी नेतो. संकल्प करताना आपण हातावर पाणी घेऊन देश-काळ उच्चारतो, आपलं नाव-गोत्र सांगतो, म्हणजे ‘मी अमुक, शुद्धीवर असलेला, हे करीन’ असं म्हणतो. मग ज्याला आपण कुठं आहोत हेच सांगता येत नाही, त्याचा संकल्प चालू आहे असं कोण म्हणेल? तिथून पुढं घाट चढतंय ते नुसतं धड. आणि ते धड सगळ्यात जास्त वेळा काय म्हणतं, तर "मला काय बी झालं न्हाय."

म्हणून माझं मत असं झालं आहे की नवस बोलण्याचा अधिकार ज्याचा त्याचा, पण उन्हाच्या वाटेवर तो थांबवण्याचा अधिकार सोबत्याचा. ज्याला ऊन लागलंय तो स्वतःचा साक्षीदार उरत नाही. आपल्याकडे वारी दिंडीनं होते, कावडीला कावडीवाले असतात, एकटा माणूस देवाला निघाला तर घरचे विचारतात, "सोबत कोण?" याचं कारण मला तरी हेच दिसतं. मी तर निघतानाच नाव ठरवून घ्यायला सांगायची. बायको, भाऊ, गावचा पोरगा, कुणीही चालेल. तो ‘बस’ म्हणाला की बसायचं, वाद नाही. पुण्या-मुंबईहून शेवटच्या दोन दिवसांसाठी येऊन मिळणाऱ्यांना तर दोन सोबती हवेत. रानात राबणाऱ्याचं अंग फाल्गुनापासून ऊन खातंय; पंख्याखाली बसणाऱ्याच्या अंगाला ती सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तो येतो चहाच्या कपावर निघून. रक्तदाबाच्या, लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून निघावं. (खिशात कांदा ठेवणारे पुष्कळ भेटले. कांद्याला माझी ना नाही, पण तो भाकरीबरोबर खा, खिशात त्याचा उपयोग फक्त वासाला.)

देवाच्या बाबतीत आपण उन्हाचं गणित किती चोख सांभाळतो बघा. पंढरपुरात पाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. गावोगाव उन्हाळ्यात पिंडीवर गळती टांगतात, थेंब-थेंब पाणी अखंड. दगडाला ऊन लागू नये म्हणून इतकी व्यवस्था, आणि त्याच्या दर्शनाच्या रांगेवर कापड नाही. कोसळलेल्या माणसाला करायचं असतं तेही जवळजवळ हेच. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काख, जांघ इथं ठेवा. १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही नको, हा ताप त्या जातीचा नाही.

सावलीचा प्रश्न मात्र एकट्या नवसकऱ्याचा नाही, आणि एका धर्माचाही नाही. २०२४ च्या जूनमध्ये हज यात्रेत मक्केला पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारनं १,३०१ मृत्यू सांगितले, त्यातले ८३ टक्के विनापरवाना आलेल्यांचे. परवाना नाही म्हणून थंड तंबू नाही, गाडी नाही, उन्हातून मैलोन्‌मैल पायपीट. इस्लामनं तर हज कुवत असलेल्यावरच फर्ज केला आहे, आणि रमजानात प्रवाशाला नि आजाऱ्याला रोजा पुढं ढकलायची मुभा दिली आहे. धर्मानं दिलेली सूट गरिबाला घेता येत नाही, कारण आयुष्यभर साठवलेल्या पैशात एकदाच जाणं होतं. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जण गेले. दमट हवेत घाम उडत नाही, त्यामुळे पारा चाळिशीच्या आत असला तरी माणूस भाजतो. श्रद्धेनं आलेला माणूस उठून जात नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्यानं मांडव आधी घालायचा आणि वेळ सकाळची ठेवायची. विहीर, तळं, पाणपोई बांधणं याला जुन्या शास्त्रकारांनी यज्ञाच्या जोडीला बसवलं आहे. शिंगणापुरात तळं बांधणाऱ्या मालोजीराजांना हे कळलं होतं.

एका वर्षी घाटाच्या पायथ्याशी फलटणकडचा एक तरणाबांड गडी कोसळला. अंगात आग, बोलणं असंबद्ध. गर्दीतलं कुणीतरी ओरडलं, "कावडीचं पानी घाला! नाथांनी गाढवाला न्हाय का पाजलं?" एकनाथांनी काशीची गंगा रामेश्वराजवळच्या वाळवंटात तहानेल्या गाढवाच्या मुखात ओतली, ती गोष्ट पोराटोरांना पाठ असते. कीर्तनात ती भूतदयेची म्हणून सांगतात. मला त्यातलं एक कलम जास्त महत्त्वाचं वाटतं: गाढवानं मागितलं नव्हतं. त्याला मागता येतच नव्हतं. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवलं. पण त्या दिवशी कावड रिती करायची वेळ आली नाही. चाळीस पावलांवर टँकर उभा होता. बादल्या आल्या, तीन बायकांनी पदरानं वारा घातला, गाडी आली. नाट्य काहीच झालं नाही, त्यामुळे गर्दीचा थोडा हिरमोड झाला असावा.

तो गडी वाचला, आणि माझ्यावर रागावला. त्याचा नवस होता, तो मी मोडला, असं त्याचं म्हणणं. पुढं तो कधी दवाखान्यात भेटला, कधी बाजारात. प्रत्येक वेळी हाच विषय. मी त्याला आठ गोष्टींची यादी सांगितली, बटूचा प्रश्न सांगितला. तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि म्हणतो, "ते समदं खरं, पण मी देवाला दिलेला शबूद ऱ्हायला." याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असावं असंही मला वाटत नाही. दोष लागला असेल तर माझ्या नावावर मांड, असं मी त्याला सांगून टाकलं आहे. तो मांडतोही. हल्ली घाटाला जाताना बायकोला बरोबर घेतो, आणि ती ‘बसा’ म्हणाली की शिव्या देत का होईना, बसतो.