घोड्याच्या मापाचे गाढव

१९४९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ग्लिसरॉल मिसळले तर शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात. पाहता पाहता वळूचे गोठवलेले रेत जगभरच्या गोठ्यांत पोहोचले. आपल्याकडच्या दूध उत्पादकाला आज कृत्रिम रेतनाचे नवल वाटत नाही. या यशातून एक समजूत मात्र मुरली: शुक्राणू इथूनतिथून सारखेच, एकाला लागू पडले ते दुसऱ्यालाही पडेल. ही समजूत तपासायची असेल तर गाढवासारखा दुसरा परीक्षक नाही.

शुक्राणू हा शिदोरी न बांधता निघालेला प्रवासी. पेशीत साठवण करणारा बहुतेक ऐवज तो तयार होतानाच टाकून देतो. उरते ते डोक्यातले गुणसूत्रांचे गाठोडे, मानेखालची तंतुकणिकांची (मायटोकॉन्ड्रियांची) गुंडाळी आणि लांब शेपूट. शेपटीचा प्रत्येक झटका एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्च करतो आणि हा एटीपी दोन वाटांनी मिळतो. ग्लुकोजचे प्राणवायूविना विघटन केले तर एका रेणूमागे दोनच एटीपी हाती लागतात, पण झटपट. तंतुकणिकांमध्ये प्राणवायू वापरला तर सुमारे तीस. हिशेब करणारा सहज म्हणेल, की दुसरी वाटच शहाणपणाची.

निसर्गाने मात्र प्रत्येक प्राण्याशी वेगळा करार केलेला दिसतो. उंदराच्या शुक्राणूंत ग्लुकोज-विघटनाला लागणारे शेपटीतले एक विकर जनुक काढून बंद पाडले, तेव्हा तंतुकणिका शाबूत असूनही शुक्राणूंना पुढे सरकता येईना. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातले नर वंध्य ठरले. म्हणजे उंदराची भिस्त कमी उत्पन्नाच्या वाटेवर. घोड्याचे नेमके उलटे. त्याच्या शुक्राणूंची धाव मुख्यतः तंतुकणिकांवर चालते, आणि प्राणवायू वापरायचा म्हणजे घातक उपउत्पादनेही आलीच.

त्यातून एक कोडे उभे राहिले. माणसाच्या वीर्यात ऑक्सिडेशनच्या इजा जास्त दिसल्या, की डॉक्टर ते वंध्यत्वाचे लक्षण मानतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली घोड्यांच्या बाबतीत दाखवून दिले, की ज्या वीर्यातून गर्भ राहिला त्यातच अशा खुणा अधिक होत्या. जो शुक्राणू जोमाने राबला, तोच जास्त झिजला. एका प्राण्यात जे दुखण्याचे चिन्ह, ते दुसऱ्यात कामाचे. आकडा सारखा असला तरी त्याचा अर्थ कुणाच्या देहात मोजला यावर ठरतो.

मग गाढवाचे काय? घोड्याचा सख्खा नातलग म्हणून घोड्याचेच सूत्र त्याला लावले गेले. गाढवाच्या गोठवलेल्या रेताने घोडीला गर्भ राहतो आणि खेचर जन्मते. पण तेच रेत गाढविणीला दिले, तर गर्भधारणेचे प्रमाण बरेच घसरते. ग्लिसरॉलचा जाच आणि गाढविणीच्या गर्भाशयात उठणारा दाह यांवर संशय आहे. निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाखालच्या धावेवर होत नाही एवढे नक्की. ज्या देहात जायचे आहे, त्या देहालाही यात मत आहे.

यात इतिहासाचा टोमणाही आहे. फ्रान्समधले पॉइतू गाढव शतकानुशतके जोपासले गेले ते घोडीपासून दणकट खेचरे मिळावीत म्हणून. ट्रॅक्टर आणि मोटारी आल्या, खेचरांचे काम संपले आणि १९७७ च्या मोजणीत या जातीची अवघी ४४ जनावरे उरली. ज्याची किंमत कायम दुसऱ्या प्राण्याच्या उपयोगावर ठरली, त्याला स्वतःची प्रजा वाढवायची वेळ आली तेव्हा आपली विद्या तोकडी पडली. भारतातही २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान गाढवांची संख्या सुमारे ६१ टक्क्यांनी घटली. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या बाजारात जमणाऱ्या गाढववाल्यांना हे आकड्यांविनाही ठाऊक असेल.

वळूबद्दल आपण एवढे जाणतो, कारण दुधाला भाव आहे. घोड्याबद्दल जाणतो, कारण शर्यतीत पैसा आहे. उंदीर प्रयोगशाळेत सोयीचा. ज्ञानाचा उजेड असा भावाच्या आणि सोयीच्या मागे जातो, आणि मग जेवढे उजळले तेवढ्यालाच आपण सस्तन प्राण्यांचा नियम म्हणू लागतो. उसना नियम सुरुवात म्हणून वापरायला हरकत नाही, कुठून तरी आरंभ करावाच लागतो. पण तो फसला तर दोष जनावराच्या माथी मारण्याची खोड सोडली पाहिजे. गाढवाचे रेत घोड्याच्या सूत्राला दाद देत नाही, तेव्हा नापास होते ते सूत्र. जात वाचवायची असेल तर आधी तिच्याच देहाचा हिशेब मांडावा लागेल, आणि तो जनावरे शिल्लक आहेत तोवरच मांडता येतो.