गिरडचे दगड आणि अभावाचा प्रश्न

बोर नदीकाठच्या हिंगणीसह वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग ज्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर, वसलेला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा असून, लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे जेथे अडकले तेथे पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या खनिजयुक्त पाण्याने त्या थराथराने भरल्या. भिंतीलगत पुष्कळदा हिरवट मातकट खनिजाचा पातळ लेप, त्यावर गारगोटीच्याच कुळातील कॅल्सेडनीची वलये आणि आत झिओलाइट, म्हणजे स्फटिकरचनेतच पाणी सामावून घेणारी खनिजे, असे थर आढळतात. त्यांतला बाहेरचा आधीचा, आतला नंतरचा. अशा भरलेल्या पोकळीच्या गोट्याला आकार दिला तो केव्हाच नाहीशा झालेल्या बुडबुड्याने.

जे नाही ते कशाला कारण होऊ शकते काय? वैशेषिक दर्शनाच्या कणादाच्या सूत्रांत सहा पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे मूलभूत प्रकार, सांगितले आहेत. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभाव, म्हणजे वस्तूचे नसणे, हा सातवा मानला. मीमांसा दर्शनाच्या प्राभाकर शाखेतील मीमांसकांना हे मान्य नाही: घट नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीनच, तिच्यावर अभाव नावाचे आणखी काही नसते. त्यांच्या मते पोकळी म्हणजे वाकलेली बेसाल्टची भिंतच ठरेल, आणि थर त्या भिंतीवरच चढतात हे पाहता या मताचे बळ नाकारता येत नाही. तरीही भिंत अशी का वाकली हे सांगताना गेलेल्या वायूचे नाव घ्यावेच लागते. म्हणून न्याय दर्शनाच्या नैयायिकांचा प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशानंतरचे नसणे, येथे अधिक समर्पक वाटतो.

याच जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर, जेथे ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही भाविक येतात, झिओलाइटचे गोटे विखुरलेले आहेत. शेख फरीद या साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ त्याने दगड केले, तेच हे गोटे, अशी आख्यायिका आहे. भूवैज्ञानिकाला दगडात गेलेला बुडबुडा दिसतो, भाविकाला गेलेला नारळ. पहिले अनुमान गोटा फोडून तपासता येते, दुसऱ्याची कसोटी माणसांच्या पालटात आहे. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली तेव्हा साधूने वाळक्या पानांतून नवा माल निर्माण केला आणि ते त्याच्या सेवेत राहिले. जुना माल मात्र पुन्हा नारळ झाला नाही. प्रध्वंसाभावाला आरंभ असतो, अंत नसतो, असे नैयायिक म्हणतात, आणि या कथेतील क्षमाही झालेला नाश पुसून टाकत नाही.