सोमवारचा नेम

पबमध्ये कवितावाचन म्हटले की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. एक बाजू म्हणते, ग्लासांच्या किणकिणाटात कवितेची विटंबना होते. दुसरी म्हणते, सभागृहात कोंडलेली कविता अखेर लोकांत आली. दोघेही बोलतात ते जागेबद्दल. असे वाचन अनेकदा दर आठवड्याला, ठरल्या वारी होते, ही बाब मात्र दोघांच्याही लेखी किरकोळ असते.

पहिल्या बाजूसाठी फार शाई खर्चायला नको. अठराव्या शतकात आयर्लंडच्या क्रूम गावात शॉन ओ टूमा हा कवी स्वतःच गुत्ता चालवत होता आणि पंचक्रोशीतले कवी त्याच्याच छपराखाली जमत. आयरिश कविता तिथे बाटली नाही, तगली.

दुसऱ्या बाजूशी मात्र नीट भांडायला हवे, कारण ती कवितेची कैवारी म्हणून बोलते. तिचे म्हणणे असे, की कवीने समोरची खोली जिंकली पाहिजे आणि निवाडा श्रोत्यांनी केला पाहिजे. या विचाराचे माहेर शिकागो. तिथे मार्क स्मिथ या बांधकाम कामगार कवीने ऐंशीच्या दशकात स्लॅम हा कवितास्पर्धेचा प्रकार सुरू केला आणि 1986 पासून तो ग्रीन मिल या जुन्या जाझ बारमध्ये रविवारी रंगू लागला. पुढे स्लॅमचे नियम ठरत गेले: श्रोत्यांतून पाच परीक्षक निवडायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, कवीला मिनिटे मिळणार तीन.

यालाच कवितेची लोकशाही म्हणतात. पण ज्याला शेवटी आकडा दाखवायचा आहे, तो कविता चालू असतानाच आकडा शोधू लागतो. त्याच्या कानापुढे मग तीच कविता टिकते जी तिथल्या तिथे उमगते. जी ओळ घरी जाताना, बसच्या खिडकीशी, अचानक उलगडते तिला गुण कोण देणार? तोवर निकाल लागून गेलेला असतो. शिवाय परगावचा कवी एकदाच येणार. त्याने अनोळखी खोलीसमोर परीक्षेला बसायचे आणि निघून जायचे. इथे श्रोता गिऱ्हाईक झालेला असतो. पसंत-नापसंत सांगण्यापलीकडे त्याच्यावर कसलीच जबाबदारी नसते. लोकशाही म्हणावी तर नागरिकाला इतके मोकळे सोडणारी लोकशाही फार उथळ म्हणायला हवी.

स्मिथवर अन्याय नको. त्याच्या रविवारी आधी ओपन माइक, मग पाहुणा कवी आणि स्पर्धा शेवटी, अशी रीत होती. कंटाळवाण्या कवितेला तिथले लोक चुटक्या वाजवून, पाय आपटून हटकत. पण त्या हटकण्यामागे रविवारनंतर रविवार एकत्र घालवल्याची सलगी होती. जगभर नक्कल झाली ती गुणांच्या पाट्यांची. रविवार शिकागोतच राहिला.

त्या रविवारचे मोल कळायला कॉर्कचा सोमवार पाहावा. कवी पॉल केसी यांनी 2007 साली या आयरिश शहरात 'ओ व्हेल' सुरू केले. या आयरिश शब्दांचा अर्थ 'मुखातून'. विन्थ्रॉप स्ट्रीटवरच्या लाँग व्हॅली या पबच्या वरच्या मजल्यावर ही बैठक वर्षानुवर्षे सोमवारी भरत आली. पाहुण्या कवीला लगेच उभे करत नाहीत. आधी श्रोत्यांकडून पाच शब्द मागतात आणि ज्याला हवे त्याने ते पाचही वापरून पंधरा मिनिटांत कविता लिहायची असते. समजा शब्द आले: किल्ली, गंज, जावई, भरती, मीठ. किल्ली आणि गंज लगेच जुळतात, भरती आणि मीठही हाताला लागतात. जावई काही केल्या बसत नाही. खोडाखोड होते, कागद उलटा होतो, वेळ संपते. अशी झटापट करून झालेला माणूस जेव्हा पाहुण्याची कविता ऐकतो, तेव्हा एखादा अवघड शब्द तिच्यात सहज बसलेला त्याला जाणवतो. त्याचा कान नुकताच कामाला लागलेला असतो. पाहुण्यानंतर ओपन माइक. आता ऐकायची पाळी पाहुण्याची.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. गावोगावच्या भजनी मंडळांत ठरल्या वारी भजन असते. बाहेरगावचे बुवा आले तर त्यांना मानाने पुढे बसवतात, पण टाळ मंडळींच्याच हातात असतात. बुवा आले नाहीत तरी भजन चुकत नाही. याला नेम म्हणतात. कार्यक्रम वेगळा. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी एकत्र काव्यवाचनाचे कार्यक्रम करून मराठी कान घडवले, ते ऋण मोठे आहे. पण तिथे लोक कवींसाठी जमत. कवी येणार नसते, तर सभागृह उघडलेच नसते. नेमात पाहुणा येण्याआधीच यजमान हजर असतात आणि तो गेल्यावरही उरतात. म्हणूनच पाहुणा तिथे न समजणारी, हळू, अर्धी राहिलेली कविताही वाचू शकतो. ती त्याच्यामागे सांभाळायला कुणीतरी असते.

2020 मध्ये साथीमुळे पब बंद झाले, तेव्हा ओ व्हेलचे वाचन संगणकाच्या पडद्यावर गेले. ज्या जागेवरून एवढा वाद घातला जातो, ती जागाच उरली नाही. जिना नव्हता, खालच्या बारचा गलका नव्हता. माणसे मात्र आपापल्या स्वयंपाकघरांतून, आपापल्या टेबलांशी, पाहुण्याचे ऐकायला बसली.