शिधापत्रिकेतून कापलेले नाव



एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरच्या शिधापत्रिकेवर किती नावे आहेत? आणि त्यावर असायला हवे होते पण नाही, असे एखादे नाव आहे काय?

मयत झालेल्यांची आणि सासरी गेलेल्या मुलींची नावे सोडून द्या. मी विचारतो आहे ते घराबाहेर काढलेल्या लेकराविषयी. मुलगा म्हणून जन्मले पण स्त्री म्हणून जगू लागले, किंवा मुलगी म्हणून जन्मले पण पुरुष म्हणून जगू लागले, असे लेकरू. समाज अशांना तृतीयपंथी म्हणतो आणि पाठीमागे आणखी पुष्कळ काही म्हणतो.

आमच्या वस्तीत अशी एक होती. दर पौर्णिमेला ती विहारात येई, दाराजवळ बसे आणि वंदना संपताच कोणाशी न बोलता निघून जाई. तिचे नाव येथे देत नाही. सोळाव्या वर्षी तिचे घर सुटले. पुढल्याच वर्षी बापाने शिधापत्रिकेवरून तिचे नाव कमी केले. काही वर्षांनी तिला कावीळ झाली. इस्पितळाच्या खिडकीवर शिधापत्रिका मागितली. तिच्यावर नाव नाही. आधार कार्ड पुढे केले. त्यावर नाव पुरुषाचे आणि समोर उभी स्त्री. 'आधी कागद नीट करून आणा', असे सांगण्यात आले. कागद नीट करायला तिच्यासोबत कोणी नव्हते. थोड्याच दिवसांत भाड्याच्या खोलीत ती वारली. अंत्यविधीसाठी वस्तीने तासाभरात वर्गणी जमवली. मीही दिली. ती जिवंत असताना तिच्याबरोबर एकदा कचेरीत जायला मात्र आमच्यापैकी कोणाला एक तास सापडला नव्हता. ज्यांना तो सापडला नाही त्यांच्यात मीही होतो. म्हणून हा लेख उपदेश करण्याच्या अधिकाराने लिहिलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे या. रेल्वेच्या डब्यात, दुकानापुढे, बारशाच्या घरी टाळी वाजते आणि आपण दहा रुपये काढून देतो. का देतो? बहुतेक वेळा शापाच्या भीतीने. ज्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या घरात शापाला आणि तोडग्याला जागा असता कामा नये. पण ही भीती अजून आपल्या मनातून गेलेली नाही. भीतीपोटी दिलेल्या पैशात करुणा नसते. ज्याच्या शापाला आपण भितो, त्याला आपण आपल्यासारखा माणूस मानलेले नसते. आणि ज्याला माणूस मानले, त्याला दहा रुपये देऊन आपले कर्तव्य संपत नाही.

यावर काही मंडळी म्हणतील, 'हे त्यांच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे.' बंधूंनो, हे वाक्य आपण ओळखत नाही काय? हेच वाक्य आपल्या आज्या-पणज्यांना ऐकवून त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला, तो याचसाठी. जे शस्त्र आपल्यावर चालले, ते आपण दुसऱ्यावर चालवावे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नावे सरकारी यादीत नोंदवण्याची तरतूद केली, हेही विसरू नये.

दुसरे कोणी म्हणतील, 'ते कष्ट करीत नाहीत, समाजाच्या उपयोगी पडत नाहीत. त्यांच्यासाठी आपण का खपावे?' याचे उत्तर विनयपिटकातील एका प्रसंगात आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडून होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग तथागतांनी इतर भिक्खूंना विचारले की याची सेवा का झाली नाही? ते म्हणाले, तो आमच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी हे कारण मान्य केले नाही. तुम्हाला सांभाळायला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना सांभाळले नाही तर कोण सांभाळील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आजाऱ्याची सेवा ही बुद्धाचीच सेवा, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. ज्याला आई-बापांनी टाकले त्याच्या आजारपणाचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच उभा राहिला होता आणि उत्तरही मिळाले होते. उपयोग पाहून केलेली सेवा हा व्यवहार झाला, धम्म नव्हे.

परंतु आजच्या काळात सेवा म्हणजे केवळ अंग पुसणे नव्हे. आज इस्पितळाचे बिल माणसाला मारते. म्हणून आज सेवेचे एक नाव विमा असे आहे. विमा म्हणजे काय? शंभर घरांनी मूठमूठ धान्य एका कणगीत टाकायचे आणि ज्याच्या घरी आजार येईल त्याने त्यातून घ्यायचे. घेणारा कोणाचा कोण, कपडे कोणते घालतो, हे कणगी विचारत नाही. हा विषय आपल्याला परका नाही. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्याच पायावर पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आयुर्विमा उतरवणे बंधनकारक असावे, अशी मागणी केली. प्रत्येक नागरिक म्हणजे प्रत्येक; त्यातून कोणी वगळलेला नव्हता.

मग घोडे अडते कोठे? आपल्या बहुतेक योजना माणसे मोजीत नाहीत, कुटुंबे मोजतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना घ्या, की २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना घ्या. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार कुटुंबाच्या नावे आहेत. महाराष्ट्रात त्याचा मुख्य पुरावा शिधापत्रिका. म्हणजे बापाने रागाच्या भरात नाव कापले, तेव्हा त्याने केवळ धान्य तोडले नाही. पुढे कधीतरी लागणारी इस्पितळातील खाटही तोडली. गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले होते. आपण आपल्या लेकराला कागदाबाहेर ठेवतो. फरक कितीसा?

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत, ते तुम्हाला ठाऊक असले पाहिजेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून त्यांची वेगळी ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने त्यांच्याशी आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास मनाई केली आणि त्यांच्या उपचारांसाठी विमा योजनेची जबाबदारी सरकारवर टाकली. २४ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राचे सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात करार होऊन 'आयुष्मान भारत टीजी प्लस' ही योजना जाहीर झाली. तिच्यात वर्षाला ५ लाख रुपये कुटुंबामागे नव्हेत, तर प्रत्येक तृतीयपंथी व्यक्तीमागे धरलेले आहेत. साध्या आजारापासून लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार तिच्या कक्षेत घेतले आहेत. घर नसले तरी माणूस मोजला जाईल, हे या योजनेचे मर्म आहे. अट अशी की तृतीयपंथी असल्याचे प्रमाणपत्र हवे आणि अशाच दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ चालू नसावा.

पण योजना जाहीर झाली म्हणजे ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली, असे होत नाही. मध्ये कचेरीची पायरी असते आणि त्या पायरीवर हसणारी तोंडे असतात. अर्ज भरणे हे एकट्याचे काम राहत नाही, ते यामुळे. म्हणून काय करावे ते थोडक्यात सांगतो.

पहिले, घरातील लेकराचे नाव शिधापत्रिकेवरून कापू नका. कापले असेल तर परत घाला. दुसरे, प्रमाणपत्राचा अर्ज राष्ट्रीय तृतीयपंथी पोर्टलवर होतो आणि प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. नियम बदलत असतात, म्हणून चालू नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या आणि अर्ज भरायला विहारातील शिकलेल्या मुला-मुलींना बसवा. तिसरे, प्रमाणपत्र आणि आधार यांवरील नाव जुळवून घ्या. आमच्या वस्तीतील तिचे काम तेथेच अडले होते. चौथे, योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्र बसतो, त्याला आजारी पडण्यापूर्वीच भेटा. आयुष्मान कार्डाची चौकशी १४५५५ या क्रमांकावर फुकट होते. पाचवे, आणि सर्वांत मोठे: सोबत जा. खिडकीपुढे दोन माणसे उभी असली की आतला आवाज आपोआप खाली येतो, हे आपण आपल्याच अनुभवाने जाणतो.

'असे लोक आहेत तरी किती?' असेही कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष सोडून 'इतर' या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. पण आकडा मोठा असता तरच कर्तव्य लागू झाले असते काय? त्या भिक्खूची गोष्ट एकाच माणसाची होती.

येत्या पौर्णिमेला विहारात गेलात की दाराजवळ कोण बसले आहे ते पाहा. तिला आत बोलवा, शेजारी बसवा. आणि वंदना संपल्यावर तिला एवढेच विचारा, 'ताई, तुझे कार्ड निघाले का?' नाही म्हणाली, तर सोमवारी कचेरी उघडते.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं!