कुंपणापलीकडचा वणवा

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटाच्या माथ्याशी, थंड हवेसाठी इंग्रजी अमदानीपासून नावाजलेल्या पठाराच्या कडेला, माझ्या भाच्याने तीन सालांपूर्वी घर बांधले. आणि फाल्गुनातल्या एका सकाळी, टिनाच्या छपराच्या पन्हळीत साचलेला सागाचा पाला मी शिडीवरून उपसत असता आमच्यात हा वाद निघाला.

"मामा, वणवा रानात लागतो, छपरावर नव्हे."

"ज्वाळा घरापर्यंत क्वचितच येते, येते ती ठिणगी." पत्रावळीएवढे एक पान मी मुठीत चुरले, तर ते पापडासारखे वाजले. "ती इथे पडली की पुढची तजवीज तू करूनच ठेवली आहेस."

"बरे, कुंपणाशी ढीग करून पेटवून देतो."

"धुरे जाळणारा शेतकरी आणि मोह वेचायला झाडाखालचा पाला पेटवणारा, यांना पोटाची सबब तरी आहे, तुला कोणती? खड्ड्यात पूर."

भाचा वकील, तो कलमावर आला. "१९२७ च्या वन कायद्याचे ७९ वे कलम पाहा. राखीव वनात गुरे चारणारा, लाकूडफाटा नेणारा, लगतच्या गावातला सरकारी चाकर, यांनी हुकुमाची वाट न पाहता वणवा विझवायला लागले पाहिजे. मी रानातून काडीही आणीत नाही."

"गुराखी गवत नेतो म्हणून बांधील, तू गारवा आणि सूर्यास्त नेतोस, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, एवढाच फरक."

"कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळले गवत-पाला काढण्याची सक्ती मालकावर आहे, पण तीही त्याच्या हद्दीपुरती. माझी हद्द चाळीस फुटांवर संपते. पलीकडे विळा चालवला तर गुन्हेगार मीच!"

हे खरे होते, आणि मला उत्तर सुचले नाही. म्हणून, जे बोलायचे टाळत होतो ते बोललो. "गेल्या शिमग्यात तू फोन केलास, तेव्हा आलेल्या चार वनमजुरांनी पहिला तास तुझी भिंत राखली, तेवढ्यात आग खिंडीपलीकडे चढली."

"माणसाचे घर आधी, हे कोणीही म्हणेल."

"मीही म्हटले असते. पण तुझे घर तिथे नसते, तर ही निवड त्यांच्यावर आलीच नसती."

"मग ज्ञानगंगेच्या कडेची गावेही उठवा!"

"त्या गावांपाशी अभयारण्य १९९७ साली येऊन मिळाले, तू मात्र आपण होऊन रानाला येऊन मिळालास."

तो बराच वेळ बोलला नाही. इतक्यात खांद्यावर कुऱ्हाड टाकून एक गुराखी शेळ्या हाकीत वरच्या वाटेने आला. भाच्याने त्याला फाटकाशी थांबवून, वणवा कसा झोडपतात, ते विचारले. त्याने पळसाची ओली डहाळी मोडली आणि वाऱ्याकडे पाठ करून, वाकून, बाजूने मारीत पुढे सरकायचे दाखवले. समोरून जायचे नाही, हे त्याने दोनदा बजावले.

"पुढच्या खेपेस रात्री हाक मार. मीही येईन."

गुराख्याने भाच्याच्या पायांतल्या रबरी चपलांकडे पाहिले आणि हसला.

"आधी बूट घ्या, साहेब."